गणवेशातल्या तलवारी

जपानातल्या सेकी गावात तलवारीबद्दल मत नाही असा माणूस औषधालाही सापडायचा नाही. न्हावी असो, टोफूवाला असो की देवळाचा पुजारी असो, पातं पुढे आलं की तिघेही मान तिरपी करून त्यावरचा उजेड बघणार आणि काहीतरी बोलणारच. सातशे वर्षं ह्या गावाने लोखंड बडवून पोट भरलं. आता तलवारींच्या जागी कात्र्या, वस्तरे आणि नखं कापायची यंत्रं आली आहेत, पण मतं अजून तलवारींबद्दलचीच आहेत.

अशा गावात एइकिची त्सुकाहाराचं मत सगळ्या गावाच्या विरुद्ध होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत अधिकारी म्हणून भरती झालेल्या मुलांनी आपापल्या घरातली आजा-पणजाची तलवार बरोबर नेली होती. नेण्याआधी तिला लष्करी साज चढवावा लागे: पितळेची चकती, तिच्यावर चेरीची फुलं, मुठीला तपकिरी गोंडा, म्यानावर चामड्याची खोळ. पुढे गावातल्या जाणकारांच्या हाती अशी तलवार लागली की ते आधी तो साज उतरवत. पातं साध्या पांढऱ्या लाकडी म्यानात आणि रेशमी पिशवीत जाई, आणि बाकीचं सगळं खोक्यात. “पातं तीनशे वर्षांचं, कपडे पाच वर्षांचे,” ते म्हणत. “कपड्यांची कसली पूजा करायची?”

एइकिचीला नेमकी कपड्यांसकट तलवार हवी असे. पोस्टातल्या चाळीस वर्षांच्या नोकरीत त्याने अशा चौदा जमवल्या होत्या. आतल्या खोलीत किरीच्या लाकडाचं एक लांब कपाट होतं, त्यात त्या ओळीने निजलेल्या असत. वर्षातून दोनदा, हवा कोरडी असताना, तो त्यांना बाहेर काढी, जुनं तेल पुसून काढी, रेशमात बांधलेल्या दगडाच्या पिठाच्या पुरचुंडीने पात्यावर हळूहळू थोपटी आणि पुन्हा लवंगेचं तेल लावी. त्याची बायको फुसाए दारात उभी राहून बघायची.

“अहो, दोन मुलं झाली आपल्याला,” ती म्हणायची. “त्यांच्या गालाला कधी तुम्ही पावडर लावलेली मला आठवत नाही.”

“मुलं गंजत नाहीत,” एइकिची म्हणायचा.

ह्या वेडाचं मूळ त्याच्या वडिलांच्या कामाच्या खोलीत होतं. वडील मोसुके म्यानं करायचे. होनोकीचं मऊ लाकूड दहा दहा वर्षं सुकवायचं, उभं चिरायचं, दोन्ही अर्धुकं आतून पात्याच्या मापाने कोरायची आणि भाताच्या खळीने चिकटवायची, हा त्यांचा धंदा. सरस कधी वापरायचे नाहीत. आत गंज धरला तर म्यान न मोडता उकलता यावं म्हणून खळच. घरात भात कमी पडायला लागला त्या वर्षांतही ताटातला एक घास बाजूला काढून ते पाटीवर घोटत बसायचे. आई म्हणायची, “आधी तलवारी जेवतात, मग आपण.”

ती वर्षं एइकिचीला जशीच्या तशी आठवत. तो तेव्हा शाळेत होता. डोंगरातल्या गावांमधून आया यायच्या. पाठीला गोधडीत गुंडाळलेलं लांब गाठोडं असायचं, बरोबर नव्या टोपीतला मुलगा असायचा. मोसुके गाठोडं सोडायचे, दोन्ही हातांनी तलवार कपाळापर्यंत उचलायचे आणि मुलाला विचारायचे, “कुणाची?” “पणजोबांची,” मुलगा म्हणायचा. मग आई घराण्याचं चांदीचं चिन्ह रुमालातून काढून द्यायची, ते मुठीवर बसवायचं असे. खोलीभर होनोकीच्या गोडसर वासाच्या ढलप्या पडलेल्या असायच्या आणि त्या आया त्यांवर गुडघे टेकून जमिनीपर्यंत वाकायच्या. जणू मोसुके त्यांच्या मुलाचंच अंग झाकणार होते.

युद्ध हरल्यावर, पंचेचाळीसच्या शरदात, शाळेच्या मैदानावर ताडपत्री अंथरली गेली आणि गावोगावच्या तलवारी तिच्यावर आणून टाकायचा हुकूम निघाला. सरपणासारखा ढीग झाला. मोसुके कुंपणाबाहेर उभे राहून ढिगातली आपली म्यानं मोजत होते. एकवीसपर्यंत मोजून ते घरी आले, आणि पुढे मरेपर्यंत त्यांनी छत्र्यांच्या मुठी केल्या.

म्हणून एइकिचीला कपडे हवे होते. पाती सगळ्यांनी वाचवली. आपल्या बापाच्या हातचं काम मात्र खोक्यात चाललं होतं, ते त्याने वाचवलं. त्याच्या चौदापैकी तीन म्यानं मोसुकेंची होती. ती ओळखायला त्याला सही लागत नसे. म्यानाच्या तोंडाशी आतल्या बाजूने मोसुके पटाशीने एक किंचित उतार द्यायचे, तांदळाच्या दाण्याएवढा, म्हणजे पातं आत शिरताना घासायचं नाही. दुसरं कुणी ते करत नसे. करंगळी घातली की कळे.

वडिलांचा आणखी एक वारसा त्याच्याकडे होता: एक वाक्य. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत गावात कारखान्याच्या तलवारी निघू लागल्या. यंत्रावर ठोकलेल्या, पाण्याऐवजी तेलात बुडवून कडक केलेल्या, महिन्याला हजारोंनी. बहुतेक म्यानवाल्यांनी ती कामं घेतली, मोसुकेंनी नाकारली. “यंत्राच्या लोखंडाला मी कपडे करत नाही,” ते म्हणत. लहानपणी एइकिचीने हे वाक्य गल्लीभर सांगितलं, मोठेपणी जाणकारांच्या बैठकीत सांगितलं, आणि पुढे पुढे त्याला ते दगडावरची रेघ वाटू लागलं. मोसुकेंचं म्यान म्हणजे आत जुनं पातं. त्यात शंका घ्यायची गरजच नाही.

शहाण्णव सालच्या जूनमध्ये मिनोकडच्या डोंगरातून होरिबे किनु नावाच्या सहासष्ट वर्षांच्या बाई त्याच्या दारात आल्या. सात पिढ्या कागद करणारं घर. नवरा घरजावई होता, तो गेला; मुलं नागोयाला. त्यांनी काखेतून लांब पुडकं काढलं. जुना, जाड, तेल पाजलेला कागद होता.

“आढ्यात सापडली,” त्या म्हणाल्या. “छप्पर काढलं ना आता, पत्रा घालायला. सुतार खाली फेकणारच होता. सेइजीदादाची आहे.”

सेइजी त्यांचा मोठा भाऊ. पंचेचाळीसच्या वसंतात अधिकारी होऊन समुद्रकाठच्या तुकडीत गेला, लढाई न बघताच परत आला आणि सहा वर्षांनी छातीच्या दुखण्याने गेला. तलवार जमा केली असंच त्याने सगळ्यांना सांगितलं होतं.

“पोलिसात कळवलंत?”

“कळवलं की. त्यांनी चिठ्ठी दिली. पुढच्या महिन्यात गिफूला तपासणीला घेऊन या म्हणाले.” किनुबाई थोड्या पुढे सरकल्या. “त्सुकाहारा-सान, तिथे म्हणे जुन्या पद्धतीने घडवलेली असेल तर नोंदणीचा दाखला देतात. आणि कारखान्याची असेल तर ठेवून घेतात आणि तोडतात. खरं का?”

“खरं आहे.”

“दादाचं दुसरं काही घरात उरलं नाही हो. दुखणं लागणीचं म्हणून आईने सगळं जाळलं. कपडे, वह्या, फोटोसुद्धा. एवढीच आहे.”

एइकिचीने कागद सोडला. पन्नास वर्षं चुलीचा धूर खाऊन चामडं काळं पडलं होतं. त्याने तलवार कपाळापर्यंत उचलली. मुठीवर चांदीचं चिन्ह होतं, तीन पानांचं. मग पातं बाहेर ओढलं. ते तोंडापासून टोकापर्यंत तपकिरी गंजाने माखलं होतं. त्यावरून काही सांगता आलं नसतं. त्याने सवयीने म्यानात करंगळी घातली, आणि तिथे तो उतार होता.

“हे माझ्या वडिलांचं काम,” तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. फुसाए चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

खरं म्हणजे कुणीही जाणकार आता मुठीतली बांबूची खुंटी काढतो, मूठ उतरवतो आणि पात्याचा आत लपलेला बुंधा बघतो. पात्याची जात, वय, घडवणाऱ्याचं नाव सगळं तिथे असतं. हे सेकीत पोरंही जाणतात. पण खुंटी घट्ट बसली होती, आणि एइकिचीला घाई नव्हती. गरजच वाटली नाही.

“होरिबे-सान, निश्चिंत राहा. पातं जुनं आहे. निदान तीनशे वर्षांचं. माझे वडील दुसऱ्या कशाला हात लावत नसत. वर चांदीचं घराण्याचं चिन्ह आहे, आणखी काय पाहिजे?”

किनुबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. “नक्की?”

“सूर्य पश्चिमेला उगवला तरच चूक निघेल.”

“उघडून बघायचं नाही?”

“तपासणीत उघडतीलच. मीही येतो बरोबर.”

त्यांनी आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग चहा उचलला. “बरं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही म्हणताय तर असेल.”

ही बातमी डोंगरात पसरायला वेळ लागला नाही. पुडकं घेऊन बसमधून उतरतानाच किनुबाईंना शेजारणीने विचारलं. मग गावचे म्हातारे तलवार बघायला आले. सेइजी होरिबे म्हणजे तो खोकणारा मुलगा, एवढीच ज्यांना आठवण होती त्यांनी देव्हाऱ्यातल्या त्याच्या नावाच्या पाटीपुढे उदबत्त्या लावल्या. कुणी शुभकार्याला करतात तो लाल भात करून आणला. “म्हणजे तुमचं घराणं सामुराईंचं निघालं की किनु-सान! आणि आम्ही इतकी वर्षं तुमच्याकडून कागद घासाघीस करून घेतला.” किनुबाई हसल्या आणि भात वाढला.

तपासणी गिफूच्या सरकारी इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबलामागे तीन परीक्षक बसले होते, आणि भिंतीला लागून खुर्च्यांवर पंधरा-वीस माणसं मांडीवर पुडकी घेऊन, दवाखान्यात बसावीत तशी. नाव पुकारलं तेव्हा एइकिची किनुबाईंच्या आधी उठला.

मधल्या म्हाताऱ्या परीक्षकाने पातं बाहेर काढलं, खिडकीकडे धरलं, खाली ठेवलं. मग पितळेच्या छोट्या हातोडीने खुंटीवर चार-पाचदा टकटक केली, आणि ती सुटली. त्याने मूठ डाव्या हातात धरून उजव्याने त्याच डाव्या मनगटावर दोन गुद्दे मारले, तशी मूठ ढिली होऊन उतरली. बुंधा उघडा पडला. तीनशे वर्षांचा बुंधा काळसर असतो, त्याच्या गंजाला खोली असते. हा राखाडी होता, कालपरवा पुसल्यासारखा. मधोमध एक चिमुकला शिक्का होता.

परीक्षकाने भिंग धरलं. “सेकी,” तो म्हणाला. “शोवा वीस.” म्हणजे पंचेचाळीस सालच. त्याने भिंग पुढच्याकडे दिलं, त्याने मान हलवली, तिसऱ्याने बघितलंही नाही. “कारखान्याचं आहे. तेलात कडक केलेलं. नोंद होणार नाही, बाई. माफ करा.”

“थांबा,” एइकिची म्हणाला. सगळ्या खुर्च्या त्याच्याकडे वळल्या. “हे शक्य नाही. म्यान बघा. तोंडाशी बोट घाला, घाला ना! त्सुकाहारा मोसुकेंचं काम आहे ते. ते यंत्राच्या लोखंडाला कपडे करत नसत. कुणीतरी नंतर पातं बदललं असेल.”

परीक्षकाने खरोखरच म्यान उचललं, बोट घातलं. पातं त्यात सरकवलं. ते अर्ध्या श्वासात, आवाज न करता बसलं. “ह्याच पात्यासाठी केलेलं आहे, त्सुकाहारा-सान,” तो हळूच म्हणाला. “म्यान सुंदर आहे. पण आम्ही म्यानाची नोंद करत नाही.”

एइकिची खाली बसला. त्याचे कान तापले होते. चाळीस वर्षांत बैठकीत ज्यांना ज्यांना त्याने ते वाक्य ऐकवलं होतं ते सगळे चेहरे त्याला दिसले, आणि त्यांच्या पलीकडे लाल भाताचं ते पातेलं दिसलं. शब्द त्याचा होता. तुटणार होती ती दुसऱ्याची तलवार.

साज परत न्यायला हरकत नव्हती. पातं जमा करायचं होतं. किनुबाईंपुढे कागद ठेवला गेला. त्यांनी विचारलं, “एकदा हातात घेऊ?” परीक्षकाने दोन्ही हातांनी पातं दिलं. त्यांनी ते आडवं धरलं आणि अंगठा त्या शिक्क्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग पातं परत दिलं आणि सही केली.

परतीला मिनोकडे जाणारी छोटी लाल गाडी जवळजवळ रिकामी होती. भातशेतांमधून ती नेहमीसारखी डुलत चालली होती. रिकामं म्यान आणि मूठ किनुबाईंच्या मांडीवर होती. एइकिचीने गुडघ्यांवर हात ठेवले आणि मान खाली घातली.

“होरिबे-सान, मी तुम्हाला खोटी आशा दाखवली. उघडून बघायला हवं होतं. गावात तुमची मान खाली जाईल ती माझ्यामुळे.”

“अहो, मला माहीत होतं,” किनुबाई म्हणाल्या.

त्याने मान वर केली.

“शिक्का मीच मारलाय तो. मुलींच्या शाळेत होते मी, पण शाळा कुठली! सगळा वर्गच कारखान्यात नेऊन बसवला होता. तपासनीस खडूने खूण करायचा, आणि आम्ही शिक्का धरून वर हातोडी मारायची. बोटं नेहमी सुजलेली.” त्यांनी स्वतःच्याच बोटांकडे बघितलं. “दादाला हुकूम आला. तलवार ज्याने त्याने आपली आणायची. आमच्याकडे कुठली तलवार? कागद करणारी माणसं आम्ही. दादाला भीती कसली वाटायची सांगू? शत्रूची नाही. बाकीच्यांच्या कमरेला आजोबांची तलवार असेल आणि आपल्या कमरेला दुकानातली, ह्याची. रात्री पडल्या पडल्या मला विचारायचा, ‘किनु, बघितल्यावर कळतं का गं?’ मग मी एक सरळ, स्वच्छ पातं हेरून ठेवलं, शिक्का अगदी जपून मारला, आणि तेच त्याला घ्यायला लावलं. आणि दोघं तुमच्या घरी गेलो.”

“आमच्या घरी?”

“तुम्ही नव्हतात. तेल काढायला चिडाची मुळं लागत, ती खणायला गेला होतात, शाळेबरोबर. तुमच्या वडिलांनी पातं बघितलं आणि म्हणाले, ‘हे घेऊन बाहेर व्हा.’ दादा तिथेच वाकून राहिला. उठेना. मला आला राग. मी म्हटलं, ‘आमचा आजा तलवारवाला नव्हता, ह्यात दादाचा काय दोष?’ तोंड फार होतं मला तेव्हा.”

“मग?”

“मग ते दादाच्या मनगटाकडे बघत होते. बारीक होता हो फार. शेवटी म्हणाले, ‘तीन आठवड्यांनी या.’ गेलो तर हे तयार. हे चांदीचं चिन्ह त्यांनीच बसवलेलं, कुठल्या तरी खणातलं. मी म्हटलं, हे आमचं नाही. तर म्हणाले, ‘आता आहे.’” किनुबाई हसल्या. “आणि बजावलं, गावात कुणाला सांगायचं नाही. ‘माझ्या पोराला तर मुळीच नाही. तो माझं वाक्य गल्लीभर सांगत फिरतो. त्याला कळलं तर मला घरात तोंड दाखवायला जागा राहायची नाही.’”

गाडी दोन थांबे पुढे गेली.

“मग माझ्याकडे कशाला आणलीत?”

“तुमच्या वडिलांचं काम. तुम्हाला दाखवायला नको? वाटलं, तुम्ही उघडाल, शिक्का बघाल, आणि तुम्हीच म्हणाल काय ते. म्हणजे मी शब्द मोडला असं झालं नसतं. तर तुम्ही उघडलीच नाही! आणि इतके खूश झालात.” त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. “आणि खरं सांगू? मलाही लोभ सुटला. म्हटलं, हा एवढा जाणता माणूस फसतोय, तर ते तिघंही फसतील.”

एइकिचीला आधी हसू आलं आणि मग डोळ्यांना पाणी. लाज वाटत होतीच. पण तिच्याखाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते आनंदासारखं होतं. पन्नास वर्षं त्याने बापाचं वाक्य जपलं होतं. बाप मात्र एका बारीक मनगटापुढे ते वाक्य केव्हाच मोडून मोकळा झाला होता, आणि पोराच्या धाकाने गप्प राहिला होता. त्याला बापाची इतकी आठवण कित्येक वर्षांत आली नव्हती.

दुसऱ्या रविवारी तो स्वतः डोंगरात गेला आणि लाल भात खाल्लेल्या म्हाताऱ्यांपुढे बसून म्हणाला, चूक माझी, होरिबे-सानची नाही. एक म्हातारा म्हणाला, “म्हणजे कागद पुन्हा घासाघीस करून घ्यायचा ना?” त्यावर विषय संपला. येताना एइकिचीने तो रिकामा साज मागून आणला.

साज रिकामा ठेवत नाहीत. पातं नसेल तर त्याच मापाचं लाकडी पातं करून आत घालतात, म्हणजे मूठ आणि म्यान एकमेकांना धरून राहतात. हे काम म्यानवाल्याचं. एइकिचीने आयुष्यभर तिकिटांवर शिक्के मारले होते. पण वडिलांच्या पटाश्या घरात होत्या, आणि माळ्यावर होनोकीच्या चार फळ्या होत्या, पन्नास वर्षं सुकलेल्या. पहिल्या दोन वाया गेल्या.

“अहो, विकत करून घ्या की कुणाकडून,” फुसाए ढलप्या झाडत म्हणाली. पण तिने झाडलेल्या ढलप्या फेकल्या नाहीत. एका टोपलीत भरून खोलीतच ठेवल्या, वास येत होता म्हणून.

मापासाठी आणि गंज काढण्यासाठी म्यान उकलावं लागणार होतं. त्याने चामडं उतरवलं, सांध्यावर लाकडी हातोडी हलकेच आपटली, आणि भाताची खळ सुटून म्यानाची दोन अर्धुकं त्याच्या हातात आली. पंचेचाळीसच्या वसंतातला भात. त्या वसंतात त्यांच्या घरात रताळ्याचे वेल शिजत होते, हे त्याला चांगलं आठवत होतं. हा घास कुणाच्या ताटातला होता कोण जाणे. त्याने अर्धुकं खिडकीपाशी नेली. आतला भाग उघडल्याशिवाय कधीच कुणाला दिसत नाही, आणि कारखान्याच्या पात्यासाठी तो ओबडधोबड कोरला असता तरी चाललं असतं. मोसुकेंनी तो टोकापर्यंत गुळगुळीत केला होता. पात्याचं टोक जिथे येतं तिथे ते कुठेही टेकू नये म्हणून केसाएवढी मोकळी जागा ठेवली होती. एइकिचीने कपाटातली मोसुकेंची दुसरी तीन म्यानं आठवून पाहिली. त्यांच्या कामात आणि ह्यात काडीचाही फरक नव्हता.

ऑक्टोबरमध्ये गावात हत्यारांची जत्रा भरली. रस्त्यावर दोन्ही बाजूंना कात्र्या आणि सुऱ्यांचे ढीग लागले होते, भाजलेल्या माशांचा धूर उठत होता, आणि सभागृहात जाणकार मंडळाचं प्रदर्शन होतं. एइकिची दर वर्षी आपल्या तीन-चार तलवारी मांडायचा आणि प्रत्येकीपुढे स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवायचा: पातं कुणाचं, साल कुठलं, म्यान कुणाचं. ह्या वर्षी त्याने एकच मांडली. किनुबाईंनी ती जत्रेपुरती दिली होती.

मंडळाचे अध्यक्ष कुनिशिमा चष्मा वर करून वाकले. “त्सुकाहारा, आत लाकूड आहे.”

“हो.”

“आणि मूळ पातं कारखान्याचं होतं.”

“हो. माझ्या वडिलांनी त्याला कपडे केले. चिठ्ठी वाचा.”

कुनिशिमा वाचायला लागले, म्हणून मागचेही वाचायला लागले. इतर चिठ्ठ्यांवर ज्या ओळीत लोहाराचं नाव असतं, त्या ओळीत इथे लिहिलं होतं: ‘शिक्का मारणारी – होरिबे किनु, वय सोळा.’ खाली म्यानवाल्याचं नाव, त्याखाली सेइजीचं. कुनिशिमा काही म्हणाले नाहीत. ज्याचं सेकीत आयुष्य गेलं अशा माणसाचं हे मोठंच नवल होतं.

दुपारी किनुबाई आल्या. ठेवणीतला गडद निळा किमोनो नेसल्या होत्या, बरोबर डोंगरातल्या दोन म्हाताऱ्या होत्या. त्यांनी आधी तलवारीपुढे मान लववली. मग पिशवीतून चष्मा शोधला, चिठ्ठी उचलून डोळ्यांजवळ नेली आणि ओठ हलवत वाचली. एइकिची बाजूला उभा होता. नाव असं चारचौघांत लिहिलेलं त्यांना रुचेल की नाही, हे त्याने विचारलंच नव्हतं. उघडून न बघण्याची खोड काही सुटली नव्हती.

“हे चुकलंय,” किनुबाई म्हणाल्या.

“माफ करा. मी काढून टाकतो.”

“काढायचं कशाला? सोळा नाही, पंधरा. सोळा पुरी झाली तेव्हा युद्ध संपूनसुद्धा गेलं होतं.” त्यांनी चिठ्ठी त्याच्या हातात दिली. “लिहिताय तर नीट लिहा.”

एइकिचीने सगळ्यांसमोर गुडघे टेकले, खिशातून लेखणी काढली, सोळा खोडलं आणि पंधरा लिहिलं.